घागर धरून दिलेली परीक्षा

माझी बायको गेली त्या वर्षी मी इंडस्ट्री झालो. त्याआधी मी नुसता नवरा होतो.

शनवारा वेशीच्या मागच्या बाजूला आमचं घर. अंगणात कच्च्या केळ्याचे वेफर्स तळायची मोठी कढई. लोक म्हणत, तुमची कढई. कढई तिची होती. केळी आणायची, सालं काढायची, पुडे दुकानांवर पोचवायचे आणि ती तळत असताना तोंड बंद ठेवायचं, एवढं माझं काम. शाळा मी चौथीत सोडली, त्यामुळे कुणाचं ऐकायची सवय लागली नव्हती. ती तिनं लावली. मग एका पावसाळ्यात तिला ताप आला आणि ती गेली. कढई पालथी घालून मी ओट्यावर बसून राहिलो. कुणी विचारलं, "कसं चाललंय?" तर मी सांगे, "वाईट." लोकांना हे आवडत नाही. माणसानं "चाललंय" म्हणावं आणि विचारणाऱ्याला मोकळं करावं अशी रीत आहे. हळूहळू विचारणारे कमी झाले.

अशात एक दिवस गावाबाहेरच्या इंजिनीअरिंग कॉलेजातले सर स्कूटरवरून दारात आले. मागून एका मोटरसायकलवर एक पोरगा आणि एक पोरगी.

"काका, इथं वेफर्सचं युनिट होतं ना?" सरांनी विचारलं.

"युनिट मेलं. मी आहे."

सर ओट्याच्या कडेला टेकले आणि समजावू लागले. शेवटच्या वर्षाच्या पोरांनी आता कॉलेजातल्या कॉलेजात काहीतरी जोडून चालत नाही. खऱ्या धंद्यातली खरी अडचण शोधायची, तिच्यावर यंत्र बनवायचं आणि बाहेरच्या कंपनीचं माणूस येऊन ते तपासणार. मोठ्या कारखान्यांनी यांना गेटवरूनच परत पाठवलं होतं. कापडाचे लूमवाले म्हणाले होते, पोरं नको तिथं बोटं घालतील.

"मग माझ्याकडं का आलात?"

"लोक म्हणाले, तुम्ही दिवसभर ओट्यावरच बसलेले असता."

हे खरंच होतं. सरांनी पेन काढलं. "तर काका, तुमच्या उद्योगात सध्या मुख्य अडचण काय आहे?"

"बायको मेली."

सर आपल्या बुटांकडं बघू लागले. पोरगा हळूच म्हणाला, "सर, ये प्रॉब्लेम स्टेटमेंट में नहीं आएगा." पोरीनं त्याला कोपर मारलं. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, म्हणून मी त्यांना आत बोलावलं.

पोरगा आमच्याच गावचा, लूम चालवणाऱ्या मोमिनांच्या घरचा. तो मला चाचा म्हणे. पोरगी डोंगराकडच्या पाड्यावरची, बारेला आदिवासी समाजाची. तिच्या पाड्यातून इंजिनीअरिंगला आलेली ती पहिली, आणि तेही मेकॅनिकलला. ती मला दादाजी म्हणे. सर म्हणाले, "या गटात डायव्हर्सिटी चांगली आहे, काका. म्हणजे वेगवेगळ्या घरची, वेगवेगळ्या बोलीची मुलं-मुली एका ठिकाणी. कॉलेजला ते दाखवावं लागतं."

मी म्हणालो, "आमच्या गल्लीत नळ आला की रोज असते."

पोरीनं स्वतःचं सगळं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मला अशी माणसं बरी वाटतात. "दादाजी, मी मागच्या साली फेल झाले. चार पोरांच्या ग्रुपमध्ये होते. त्यांनी मला मशीनला हात लावू दिला नाही. म्हणाले, तुझे अक्षर अच्छे हैं, तू फाइल लिख. फाइल मी लिहिली. परीक्षेत मशीनचं विचारलं, मला काही आलं नाही. ते चौघे पास झाले." आता इंदूरकडच्या एका कारखान्यानं तिला निवडून ठेवलं होतं, पण हा प्रोजेक्ट पास झाला तरच. नाही झाला तर नोकरीही नाही आणि तिसऱ्यांदा बसवायची घरच्यांची ताकदही नाही.

"आणि या साली फाइल कोण लिहिणार?" मी विचारलं.

"मैं लिखूंगा, चाचा," पोरगा म्हणाला. "मेरे घर में इतनी मशीनें हैं कि मुझे और नहीं देखनी."

कॉलेजात मला बोलावून शाल आणि गुच्छ दिला. कागदावर सह्या झाल्या. एका बाजूला कॉलेज, दुसऱ्या बाजूला मी, म्हणजे उद्योगजगत. मग माईक हातात दिला आणि म्हणाले, विद्यार्थ्यांनी यशस्वी होण्यासाठी दोन शब्द सांगा. मी म्हणालो, "जेवून येत जा." आणि खाली बसलो. टाळ्या पडल्या. सर म्हणाले, एवढं नेमकं आजवर कुणी बोललं नव्हतं.

अडचण पुढं आली. पोरगी रोज संध्याकाळी येई आणि विचारी, "दादाजी, काप किती जाड ठेवायची?"

"तिला ठाऊक."

"तेल किती तापवायचं?"

"तिला ठाऊक."

"केळं कोणत्या दिवसाचं घ्यायचं? झाडावरून उतरवलेलं लगेच की दुसऱ्या दिवसाचं?"

"ते ती बोटानं दाबून बघे."

पोरगा वहीत लिहीत होता. तो थांबला. "चाचा, आपको कुछ मालूम है?"

"सालं काढता येतात."

तरी त्यांनी यंत्र उभं केलं. पोरगी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लोखंड कापायची, जोडायची, हाताला चटके घेऊन यायची. खाली मोटर, मधे पात्यांची चकती, वर केळं टाकायला गोल नरसाळं आणि नरसाळ्यावर केळ्यापुरतं झाकण असलेली तारेची जाळी, म्हणजे चालू यंत्रात कुणाचा हात जाऊ नये. स्टीलचं चकचकीत, कमरेएवढं उंच. माझ्या अंगणात ते नव्या सुनेसारखं उभं राहिलं. कढई सुलटी झाली. रोज नव्या जाडीचे काप निघायचे, ती तळायची आणि माझ्यासमोर ताटली धरायची.

तपासणीचा दिवस ठरला तो नेमका आखाजीचा. पुण्याच्या एका कंपनीच्या मॅडम खंडव्याला कामानं येणार होत्या, त्यांना तेवढा एकच दिवस जमत होता. सर म्हणाले, "अक्षय्यतृतीया आहे, काका. उत्तम मुहूर्त."

"तुमच्यासाठी उत्तम. आमच्याकडं पितरं जेवतात."

आमच्या खानदेशी घरांत आखाजीला सोन्यापेक्षा हे मोठं. त्या वर्षात जे माणूस गेलं, त्याच्या नावानं मातीची घागर पाण्यानं भरून मांडायची, तिच्या तोंडावर पाण्याचं लहानसं मडकं, त्याला डेरगं म्हणतात, डेरग्यावर एक डांगर, म्हणजे खरबूज. आणि गेलेल्या माणसाच्या जागी कुणाला तरी पाटावर बसवून पोटभर जेवू घालायचं. बाई नवऱ्याआधी गेली असेल तर त्या पाटावर सवाष्ण लागते. जेवण होत आलं की तिला विचारायचं, बाई, काही राहिलं का? ती जे मागेल ते पुरवायचं. कारण ती मागते म्हणजे गेलेलीच मागते.

माझा मुलगा सुरतेला नोकरीला, त्याला सुट्टी मिळाली नाही. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही नदीवर, राजघाटावर जाऊन पाणी सोडून या, घरचं मी बघते." सवाष्ण माझ्या मेव्हण्यानं बायकोच्या माहेरहून, दापोऱ्याहून, पाठवायची ठरली होती. वहिनींनी तिला कधी बघितलेलं नव्हतं. तपासणी दुपारी. दोन्ही कामं आपापल्या वेळेला होतील असा माझा हिशोब होता.

राजघाटावरून परत आलो तर पाटावर एक बाई बसलेली. अंगात कुर्ता, गळ्यात पट्टीला लटकलेलं कार्ड, कपाळाला वहिनींनी लावलेलं ठसठशीत कुंकू, आणि पुढ्यात खापरावरची मोठी पुरणपोळी. बाई आमरसात पोळी बुडवून मन लावून जेवत होती. माझ्या बायकोच्या माहेरची माणसं जेवायला चांगली, म्हणून मला संशय आला नाही. मी लांबून नमस्कार केला.

वहिनींनी मला कोपऱ्यात नेलं. "बाई बेस हाय. जरा शहरी हाय, पण नाटकं नाहीत. पाय धुतले तर गुपचूप धुऊन घेतले. मी सरळ विचारलं, नवरा हाय ना जिवंत? तर म्हणते, सकाळी फोन केला तेव्हा तरी होता." मग अंगणाकडं बोट दाखवून म्हणाल्या, "अन् घागर कशी बसवली, बघा तरी!"

मी बघितलं. घागर यंत्रावर होती. खालून गोल घागर, वरून गोल नरसाळं. देवानं एकमेकांसाठीच घडवल्यासारखी बसली होती. वर डेरगं, त्यावर डांगर, हळदीकुंकू, फूल.

"घागरीखाली गव्हाची रास करायची तर सांडासांड. हे कसं स्वच्छ, उंच. तीळभर हलत नाही," वहिनी म्हणाल्या.

तेवढ्यात मेव्हण्याचा फोन आला. दाजी, माफ करा, बाईची गाडी चुकली, ती काही येत नाही.

मी फोन ठेवला आणि पाटावरच्या बाईकडं बघितलं. वहिनींनी माझ्याकडं बघितलं. बाईनं आमच्या दोघांकडं बघितलं आणि विचारलं, "रस अजून मिळेल का थोडा?"

"बाई, तुम्ही कोण?" मी विचारलं.

"मी पुण्याहून. प्रोजेक्ट तपासायला. स्टेशनवरून सरळ इथंच आले." तिनं कार्ड उचलून दाखवलं. "यांनी दारातच पाय धुतले. मला वाटलं फूड इंडस्ट्री आहे, स्वच्छतेचे नियम कडक असतील."

"मला वाटलं अंगणवाडीचं कार्ड हाय," वहिनी पुटपुटल्या आणि भिंतीला टेकल्या.

मी मॅडमना खरं सांगितलं. बायको गेली, तिच्या जागी तुम्ही जेवताय. मला गोड करून सांगता येत नाही. मॅडमचा हात पोळीवर थांबला. मला वाटलं, आता उठते. ती म्हणाली, "मग अर्धवट उठणं बरं दिसणार नाही," आणि जेवू लागली. पण जरा सावकाश.

दारात सर आणि दोन्ही पोरं आली. सरांनी मॅडमना पाटावर कुंकू लावून जेवताना बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पोरीचं लक्ष तिथं नव्हतंच. ती थेट यंत्राकडं गेली आणि घागर बघून जागच्या जागी थांबली.

"दादाजी. ही काढता येईल ना?"

उत्तर वहिनींनी दिलं. "मांडलेली घागर दिवस मावळल्याशिवाय हलवत नाहीत, पोरी."

"मॅडमची गाडी चारला आहे," सर म्हणाले.

"मग मॅडमला फोटो दाखवा."

"फोटोवर पास नाही करत, वहिनी. मशीन चालताना बघावं लागतं."

पोरीनं घागरीला हातही लावला नाही, नुसती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. तिच्या पाड्यावरही पितरांचा मान असतोच, तिला काय सांगायचं. पोरगा माझ्याकडं बघत होता. आता ठरवायचं होतं मी. एका बाजूला माझी बायको, दुसऱ्या बाजूला ही पोरगी, आणि दोघींपैकी एकही तोंडानं काही मागेना. बायको जिवंत असती तर असा घोळ झालाच नसता. तिनं आधी विचारलं असतं, मी चुकीचं उत्तर दिलं असतं आणि तिनं बरोबर ते केलं असतं.

वहिनी बाई मोठी रीतीची. इतका गोंधळ चालला होता तरी त्यांनी आपला नेम सोडला नाही. मॅडमचं ताट संपलं होतं. वहिनी पाटापुढं हात जोडून बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, तृप्त झाल्या का? काही राहिलं का? मनात असेल ते मागा."

मॅडम हात पुसत म्हणाली, "जेवण फारच छान. पण मी ते मशीन बघायला आले होते. तेवढं चालताना दाखवा."

वहिनींच्या तोंडाचा आ झाला. एका रीतीनं घागर हलवायची नाही, आणि दुसऱ्या रीतीनं सवाष्णीनं मागितलेलं नाकारायचं नाही. त्यांनी बराच विचार केला आणि निकाल दिला.

"भाऊजी, उचला. पण खाली ठेवायची नाही अन् दुसऱ्या जागी बसवायची नाही. हातात धरून उभे राहा. काम झालं की होती तिथंच परत."

"मैं पकड़ता हूं, चाची," पोरगा पुढं झाला. "चाचा की पीठ में दर्द है."

"ज्याची बायको त्यानं धरायची," वहिनी म्हणाल्या.

मी घागर उचलली. भरलेली घागर, वर डेरगं, वर डांगर. डांगर घसरू नये म्हणून हनुवटीखाली दाबलं. मान हलवायची सोय नाही, बोलायचं तर दात न उघडता.

पोरीनं नरसाळं पुसलं आणि इकडं तिकडं बघू लागली. "वरची जाळी कुठाय?"

मॅडमही उठून आली होती. "गार्ड नाही या मशीनला? फिरत्या पात्यावर गार्ड नसेल तर मी पुढं बघणारच नाही."

"जाळी होती!" पोरगी रडकुंडीला आली. "काल मी स्वतः लावली."

"ती तारेची?" वहिनी म्हणाल्या. "ती आमरसावर झाकली हाय. माश्या किती!"

पोरगा धावत जाऊन जाळी घेऊन आला, रस गळत होता. पोरीनं ती धुतली, बसवली, स्क्रू आवळले. मॅडमनं जाळी हलवून बघितली आणि बोट चाटलं.

"हं. आता सांगा, कुणी काय केलं?"

सर बोलायला लागले. मॅडमनं हात वर केला. "सर, तुम्ही नको. मी शिकत होते तेव्हा वर्गात मी एकटीच मुलगी होते. मला सगळे प्रेमानं फाइल लिहायला द्यायचे. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी आधी हेच विचारते. तू सांग. तू फाइल लिहिलीस का?"

"फाइल मैंने लिखी, मॅडम," पोरगा म्हणाला. "पूरी. नक्शे भी."

"मी तिला विचारलंय."

पोरीचं तोंड बंद. मागच्या वर्षीही ती अशीच उभी राहिली असणार, मी ओळखलं. माझ्या हातांना रग लागली होती. डांगराखालून मी म्हणालो, "बोल की. मी काय इथं रात्रीपर्यंत उभा राहू?"

माझा आवाज इतका विचित्र आला की ती फस्सकन हसली. आणि हसली तशी सुटली. मोटर कोणती आणि का, चकती आधी कशी थरथरायची, वजन कुठं वाढवलं, कुठला जोड दोनदा तुटला. हातात पाना घेऊन तिनं पात्याचा नट फिरवून दाखवला. अर्धं हिंदी, अर्धं मराठी, मधे एखादा तिच्या बोलीतला शब्द. मॅडम मधेमधे टोकत होती.

"जाडी एवढीच का ठेवली? कुठल्या पुस्तकातून?"

"पुस्तकात नव्हती. आम्ही दादाजींना विचारलं, हे म्हणाले, तिला ठाऊक. मग आम्ही रोज वेगळी जाडी कापली, तळली अन् यांना दिली. हे म्हणायचे, हे तिचं नाही. रोज तेच. हे तिचं नाही. मग एक दिवस काहीच बोलले नाहीत. पूरी ताटली संपवली अन् आत जाऊन बसले. ती जाडी आम्ही पक्की केली."

मॅडमनं माझ्याकडं बघितलं. मला मान फिरवता येत नव्हती, म्हणून मी समोरच बघत राहिलो.

"मशीन चालू कर," मॅडम म्हणाली.

केळं गेलं आणि खाली पाण्याच्या टोपात काप पडू लागले. मॅडमनं मूठभर उचलले. "हे शेंड्याकडचे तिरपे आलेत."

"येतात," पोरगी म्हणाली. "केळं वाकडं असतं. ते मला अजून जमलं नाही. तिरपे काप या झडपेनं वेगळे पडतात."

"त्यांचं काय करता?"

"दादाजी खातात."

सरांनी डोळे मिटले. मॅडम वाकून झडप उघडून बघायला लागली, आणि तिचे प्रश्न काही संपेनात. घागर हळूहळू माझ्या पोटावरून खाली सरकत होती. डेरग्यातलं पाणी सदऱ्यात झिरपत होतं, थंड. आमच्या सगळ्या संसारात मी तिला इतका वेळ धरून कधी उभा राहिलो नव्हतो. उभा राहिलो असतो तर तिनंच विचारलं असतं, काय झालं, कुठं पडलात का. डोळ्यांत पाणी आलं आणि पुसायला हात मोकळा नाही. लोकांना वाटलं, वजनानं आलं. बरंच झालं.

"मॅडम," मी दात आवळून म्हणालो, "पास करायची असेल तर करा. माझे हात चालले."

"तुमच्या हातांसाठी मी कुणाला पास करणार नाही, काका."

"नका करू. पण जे करायचं ते लवकर करा."

मॅडमनं आणखी एक केळं मागितलं. ते तिनं स्वतः टाकलं, जाळीवर कान लावून यंत्राचा आवाज ऐकला, मोटर बंद केली आणि हात पोरीच्या खांद्यावर ठेवला. "चकतीचा आवाज अजून जास्त आहे. तो कमी कर, नोकरीवर जायच्या आधी. पास."

पोरीला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, "हो, मॅडम, कमी करते," आणि पाना शोधायला वाकली. पोरग्यानं तिची वेणी ओढली. "अरी पागल, पास बोला!"

तेव्हा ती उठली. फोन काढला, पण अंगणात तिच्या पाड्याला फोन लागत नाही, म्हणून तशीच जिना चढून गच्चीवर पळाली. वरून तिचा ओरडून बोलण्याचा आवाज येऊ लागला. बापाला ऐकू जात नसावं, कारण ती एकच शब्द पुन्हा पुन्हा ओरडत होती. गल्लीतल्या बायका आखाजीची पोळी टाकून दारात आल्या. कोण पास झालं, कोण पास झालं?

मी घागर तशीच धरून उभा होतो. परत ठेवा म्हणून सांगायचं वहिनी विसरल्या होत्या, आणि मीही कुणाला आठवण केली नाही.